जीर्णोद्धार आणि बाजार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळांच्या आणि घाटांच्या संबंधानें रूढ झालेला आहे. पडलेली भिंत उभी करावी, शिखरास नवा गिलावा द्यावा, गाभाऱ्यांत नवी फरशी बसवावी, आणि हें सर्व झाल्यावर देव तोच आहे असें समजून भाविकानें निःशंक मनानें घंटा वाजवावी, असा हा सरळ व्यवहार आहे. जुना दगड किती उरला हा प्रश्न पुजाऱ्यास पडत नाहीं. तो पडतो इतिहासकारास. हाच शब्द आज युरोप-अमेरिकेंत एका अगदीं निराळ्या वस्तूस लागूं झाला असून तेथें हा प्रश्न इतिहासकारापेक्षां गिऱ्हाइकास आणि दलालास अधिक छळतो. ती वस्तु म्हणजे जुनी मोटार. आणि मोटारींमध्येंही आमच्या मतें अभ्यासास सर्वांत सोयीची म्हणजे माल वाहण्याची एक साधी व्हॅन.

फोक्सवॅगन कंपनीची ही व्हॅन १९५० सालीं विक्रीस निघाली तेव्हां तिची किंमत ५,८५० जर्मन मार्क होती, आणि ती घेणारे लोक पाववाले, रंगारी, भाजीविके अशा धंद्यांतले होते. २०१७ च्या जानेवारींत अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना राज्यांत स्कॉट्सडेल येथें याच कुळांतील, १९६५ सालची, एकवीस खिडक्यांची एक गाडी लिलावांत ३,०२,५०० डॉलरांस गेली. वापरून झिजविण्यासाठीं केलेली वस्तु जपून ठेवण्याची कशी झाली, आणि जपतां जपतां तिचें काय झालें, हें पाहण्याजोगें आहे.

या गाडीचा जन्म मोठ्या योजनेंतून झाला नाहीं. दुसरें महायुद्ध संपल्यावर वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवॅगनचा कारखाना इंग्रज लष्कराच्या ताब्यांत होता, व मेजर आयव्हन हर्स्ट या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं तो कसाबसा चालूं लागला होता. सुटे भाग इकडून तिकडे नेण्यास पुरेशीं वाहनें नव्हतीं. म्हणून ‘बीटल’ मोटारीच्याच सांगाड्यावर फळ्या ठोकून आणि चालकास मागें इंजिनावर बसवून एक ओबडधोबड गाडा तेथल्या तेथें तयार करण्यांत आला होता. बेन पॉन नांवाचा डच व्यापारी कारखान्यांत आला असतां हा गाडा त्याच्या दृष्टीस पडला. २३ एप्रिल १९४७ रोजीं त्यानें आपल्या टिपणवहींत चार रेघांचें एक चित्र काढलें: पुढें चालक, मागें इंजिन, मध्यें माल, आणि या सर्वांवर पावाच्या लादीसारखें एक झांकण. वहीचें तें पान आज आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्यें आहे. ज्या छपराखालीं रेम्ब्रांची चित्रें आहेत त्याच छपराखालीं एका व्यापाऱ्याच्या या रेघोट्या आहेत, यांत आम्हांस कांहीं विसंगत वाटत नाहीं.

कारखान्याचें बळ त्या वेळीं बीटलपुरतेंच होतें. त्यामुळें चित्र तसेंच पडून राहिलें. १९४८ च्या जानेवारींत हाइन्रिख नॉर्डहॉफ हे कारखान्याचे मुख्य झाले, आणि आल्फ्रेड हेझनर यांच्या हाताखालीं कामास गति आली. पहिला नमुना बीटलच्याच सांगाड्यावर बसविला होता. भार घालून चालवितांच तो सांगाडा वांकला. तेव्हां निराळा सांगाडा सोडून देऊन, पत्र्याच्या पेटाऱ्यासच खालून उभ्या-आडव्या तुळया जोडून तो स्वतःच भार पेलील अशी रचना केली. सपाट तोंडाची गाडी वाऱ्यास फार अडते म्हणून ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठांत वाऱ्याच्या बोगद्यांत लहान प्रतिकृति तपासण्यांत आली, व तोंड गोलसर केल्यावर वाऱ्याच्या विरोधाचा गुणांक ०.७५ वरून ०.४४ पर्यंत उतरला. १२ नोव्हेंबर १९४९ रोजीं गाडी वृत्तपत्रकारांस दाखविण्यांत आली, आणि ८ मार्च १९५० पासून ती नियमितपणें तयार होऊं लागली. हवेनें थंड होणारें इंजिन अवघें पंचवीस अश्वशक्तीचें, पण भार पेलावयाचा सुमारें पाऊण टन! एवढ्याशा इंजिनास हें जमावें म्हणून मागच्या चाकांपाशीं वेग कमी करून जोर वाढविणारीं दंतचक्रें बसविलीं होतीं. माल दोन्ही आंसांच्या मध्यें येत असल्यामुळें गाडी भरलेली असो वा रिकामी, तिचा तोल फारसा बदलत नसे. व्यापाऱ्यास यापेक्षां अधिक काय हवें होतें?

येथें थोडें विषयांतर करण्याचा मोह आवरत नाहीं. १९४९ सालीं हँबुर्गजवळील टेंपो कारखान्यानें ‘मॅटॅडोर’ नांवाची मालवाहू गाडी काढली होती, आणि तींत फोक्सवॅगनचेंच इंजिन बसविलेलें होतें. फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन बाजारांत आल्यावर दोनएक वर्षांनीं हा इंजिनांचा पुरवठा थांबला. हाच टेंपो कारखाना पुढें फिरोदियांच्या बजाज टेंपोच्या द्वारें महाराष्ट्रांत आला, आणि आज कोणत्याही कंपनीच्या लहान मालगाडीस आपला शेतकरी ‘टेंपो’ म्हणतो! मूळ जर्मन नांव धारण करणाऱ्या गाड्या गेल्या, पण नांव मराठींत सामान्यनाम होऊन बसलें. त्यांतील एखादी जुनी तीनचाकी आपल्याकडे कोणी प्रेमानें दुरुस्त करून जपली, तर खालील विवेचन तिलाही लागूं पडेल. असो.

१९५६ सालीं हॅनोव्हर येथें या व्हॅनसाठीं स्वतंत्र कारखाना निघाला. दुभंगलेल्या पुढच्या कांचेची ही मूळ घडण जर्मनींत १९६७ पर्यंत चालली; तोंवर अठरा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. ब्राझीलमध्यें ती १९७५ पर्यंत होत राहिली, आणि तिच्या वंशांतील शेवटची गाडी तेथें २०१३ च्या डिसेंबरांत, सुरक्षिततेचे नवे नियम लागूं होण्याच्या तोंडावर, तयार झाली. अमेरिकेंतील हकीकत मोठी गंमतीची आहे. पश्चिम जर्मनी व फ्रान्स यांनीं अमेरिकन कोंबड्यांवर बसविलेल्या जकातीच्या रागानें अध्यक्ष जॉन्सन यांनीं १९६३ च्या अखेरीस परदेशी लहान मालमोटारींवर शेंकडा २५ कर बसविला. उतारूंच्या गाड्या येत राहिल्या. मालाच्या जवळजवळ बंद पडल्या. परिणामीं अमेरिकन माणसाच्या स्मरणांत ही गाडी पाववाल्याची राहिली नाहीं. ती राहिली सहलीस निघालेल्या कुटुंबाची, आणि पुढें जुनी होऊन स्वस्त झाल्यावर लांब केसांच्या तरुणांची, ज्यांनीं तिच्यावर फुलें रंगविलीं. आजचा लिलावाचा भाव या स्मरणाचा भाव आहे.

आतां प्रत्यक्ष जीर्णोद्धाराकडे वळूं. ज्या रचनेनें गाडीस बळ दिलें तिच्यांतच तिच्या नाशाचें बीज होतें. पेटाऱ्यास भार पेलतां यावा म्हणून दारांखालच्या उंबऱ्यांत आणि तळाच्या तुळयांत दुहेरी पत्र्याच्या पोकळ नळ्या ठेवलेल्या आहेत. त्यांत रस्त्याचें पाणी व थंड देशांत बर्फावर टाकलेलें मीठ सांचतें, आणि गंज आंतून बाहेर येतो. वरून रंगावर एक फोड दिसावा आणि स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक लावतांच तें आरपार जावें, असा अनुभव कारागिरास नित्याचा आहे. बॅटरीखालचा पत्रा आम्लानें जातो, पुढच्या चाकांवरील कमानी चिखलानें जातात, आणि छपरास खिडक्या असल्या तर त्यांच्या रबरी कडांतून झिरपलेलें पाणी वरचा पत्रा खातें.

दुरुस्तींत घाई करणाऱ्याचा पहिला प्रमाद असा कीं तो सडलेला उंबरा प्रथम कापून काढतो. उंबरा हाच गाडीचा कणा असल्यामुळें तो काढतांच पेटारा मध्यें खचतो, आणि मग नवीं दारें कांहीं केल्या बसत नाहींत. म्हणून जाणता कारागीर आधीं दारांच्या चौकटींत लोखंडी आडव्या पट्ट्या तात्पुरत्या जोडून घेतो, मग एका बाजूचें काम पुरें केल्याशिवाय दुसऱ्या बाजूस हात लावीत नाहीं. कारखान्यानें दोन पत्रे ठिपक्याठिपक्यांनीं जोडलेले असतात. तो प्रत्येक ठिपका भोंक पाडून सोडवावा लागतो. वाळूच्या फवाऱ्यानें गंज लवकर निघतो हें खरें, पण मोठ्या पातळ पत्र्यावर तो निष्काळजीपणें मारला तर पत्रा लाटांसारखा वांकतो. हें सर्व टाळून गंजावर लांबी भरून वर चकचकीत रंग द्यावयाचा, हा मार्ग अर्थातच सोपा आहे. बाजारांत येणाऱ्या कित्येक ‘पूर्ण नूतनीकृत’ गाड्या याच मार्गानें आलेल्या असतात, आणि म्हणून जाणता गिऱ्हाईक खिशांत लोहचुंबक घेऊन जातो. लांबीवर तें चिकटत नाहीं.

आतां समजा, कारागीर प्रामाणिक आहे. त्यानें उंबरे, तळ, कमानी, दारें, पुढचें तोंड असें सर्व नव्या पत्र्याचें केलें. हे पत्रे आज जुन्या मापानें पुन्हां तयार होतात. इंजिन तर बहुधा पूर्वींच बदललेलें असतें. कारण झिजलें इंजिन देऊन कारखान्यांत दुरुस्त झालेलें दुसरें घ्यावें, ही पद्धत कंपनीनेंच चालविली होती. मग राहिलें काय? ‘मिलिंदप्रश्ना’ंत नागसेन भिक्षु यवनराजास विचारतो कीं, तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे काय? आंस, कीं चाकें, कीं सांगाडा, कीं जूं? राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो, आणि शेवटीं रथ हें या सर्वांच्या मेळास दिलेलें नांव आहे असें कबूल करतो. लिलाव करणाऱ्यानें नागसेनास याहून सोपें उत्तर दिलें असतें. त्याच्या मतें रथ म्हणजे इंजिनाच्या खोलींत जो क्रमांक ठोकलेला आहे तेवढा हातभर पत्रा! तो असला कीं गाडी १९५५ ची. नसला कीं भंगार.

येथेंच बाजार आपला हात पुढें करतो. क्रमांक ठोकलेला पत्रा कापून दुसऱ्या पेटाऱ्यास जोडतां येतो, आणि जोडलाही जातो. १९५८ च्या सुमारापासून कारखाना गाडींत धातूची एक लहान पट्टी बसवूं लागला. तींत गाडी कोणत्या दिवशीं झाली, कोणत्या देशास जावयाची होती, रंग कोणता आणि कोणत्या खास सोयी मागविल्या होत्या, हें सांकेतिक अंकांनीं लिहिलेलें असे. अशा पट्ट्याही नव्या करून विकल्या जातात. वोल्फ्सबुर्गच्या मोटार-संग्रहालयाची संस्था जुन्या दप्तरावरून गाडीचा जन्मदाखला देते, तो त्यांतल्या त्यांत भरंवशाचा. बनावट सनदांचा आणि वंशावळींचा ज्यांस परिचय आहे त्या मराठी वाचकांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं. जेथें वतन आहे तेथें खोटा कागद उत्पन्न होतो. येथें वतन म्हणजे लिलावाचा भाव.

खोटेपणाचें सर्वांत मोठें क्षेत्र म्हणजे ‘सांबा’. १९५१ सालीं कंपनीनें उतारूंसाठीं एक डौलदार प्रकार काढला: दोन रंग, कापडाचें दुमडणारें छप्पर, आणि छपराच्या कडेस आठ चिमुकल्या खिडक्या, एकूण कांचा तेवीस. १९६४ पासून त्या एकवीस झाल्या. आल्प्सच्या घाटांतून सहल करणाऱ्या उतारूस मान वर करून शिखरें पाहतां यावीं हा त्यांचा उपयोग. आज भाव चढतो तो याच कांचांबरोबर. २०११ सालीं कॅलिफोर्नियांतील एका लिलावांत १९६३ ची तेवीस कांचांची गाडी २,१७,८०० डॉलरांस विकली गेली, तेव्हांपासून तर कांचा मोजूनच बोलण्याची रीत पडली. मग मोह कोणास आवरणार? साध्या व्हॅनच्या जीर्णोद्धारास श्रम तेवढेच आणि पत्राही जवळजवळ तेवढाच लागतो. विकतांना मात्र खर्चही निघेल कीं नाहीं याची शंका. म्हणून साध्या गाडीचें छप्पर कापून त्यांत खिडक्या बसवावयाच्या, आणि एका पाववाल्याच्या व्हॅनीस आल्प्सची प्रवासिनी करावयाची. छपराच्या आंतील बाजूचे जोड पाहिले म्हणजे परीक्षकास हें कळतें. नवशिक्यास कळत नाहीं.

यांत फसलेल्या धनिकाबद्दल आम्हांस फारसें दुःख नाहीं. दुःख आहे तें त्या कापल्या गेलेल्या व्हॅनीबद्दल. युद्धानंतर मोडलेला जर्मनी उभा राहिला तो ज्या लहान धंदेवाल्यांच्या खटपटीनें, त्यांचा हा लेखी नसलेला दस्तऐवज होता. दारावर रंगविलेलें दुकानाचें नांव, मालाच्या पेट्यांनीं घासून गेलेली फळी, हातानें बसविलेला एखादा कप्पा यांतून जें वाचतां आलें असतें तें आतां कोणत्याही दप्तरांत मिळावयाचें नाहीं. झिजलेल्या व्हॅनी मोडींत काढतांना ज्यांनीं हें नष्ट केलें ते निदान अजाण होते. आज तें नष्ट करणारे स्वतःस त्या गाडीचे भक्त म्हणवितात.

आपल्याकडे पोथ्यांच्या बाबतींत हा विचार फार पूर्वीं झालेला आहे. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां लेखकांच्या हातून शिरलेले अशुद्ध पाठ त्यांनीं काढले, पण आपली ओवी त्यांत घातली नाहीं, आणि इतरांनींही घालूं नये असें बजावून ठेवलें. संपादकाचा हा संयम मोटारींच्या जगांत यावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं तुरीन येथील सनद मान्य केली. तिचा आशय थोडक्यांत असा कीं, वाहनाच्या आयुष्यांतील खुणा हाही त्याच्या इतिहासाचा भाग आहे. शक्य तेथें राखावें, अगदीं अवश्य तेथेंच बदलावें, आणि जें बदललें त्याची नोंद ठेवावी. जर्मनींत १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या व मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांस निराळी क्रमांकपट्टी मिळते. तिच्या मागें करांतील सवलत असल्यामुळें ती सनदेपेक्षां अधिक पाळली जाते, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

या सनदेच्या कसोटीस उतरेल अशी एक विक्री सांगण्यासारखी आहे. १९५० च्या ऑगस्टमध्यें वोल्फ्सबुर्गहून एक पारव्या निळ्या रंगाची साधी व्हॅन जवळच्याच हिल्डेसहाइम गांवीं गेली. तेवीस वर्षें तिनें मुकाट्यानें चाकरी केली, आणि मग एका संग्राहकानें ती ६०० मार्कांस विकत घेतली. जवळजवळ वीस वर्षें ती त्याच्याकडे उभी होती. १९९० नंतरच्या दशकांत ती एका डॅनिश गृहस्थाकडे गेली. त्यानें सवडीनें, वर्षानुवर्षें खपून तिचें काम केलें, आणि तिला ‘सोफी’ असें नांव मिळालें. खिडक्या कापल्या नाहींत. रंग तोच ठेवला. २०१४ सालीं खुद्द कंपनीच्या व्यापारी-वाहन खात्यानें ती आपल्या संग्रहासाठीं विकत घेतली. रस्त्यावर चालण्यास योग्य अशा या जातीच्या गाड्यांत हीच सर्वांत जुनी, असें कंपनी म्हणते. सहाशें मार्कांची ही खरेदी त्या काळीं शेजाऱ्यांनीं वेडेपणांत काढली असेल.

याच कंपनीनें २०२० सालीं १९६६ च्या एका सांबामधून इंजिन काढून तेथें विजेची मोटर बसवून दाखविली, हेंही नमूद केलें पाहिजे. गाडी शांतपणें धांवते. ज्या फटफट आवाजानें ती दोन गल्ल्यांपलीकडून ओळखूं येई तो आवाज मात्र गेला.

आणखी एका व्हॅनीची हकीकत सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. अमेरिकेंत दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर जॉन्स आयलंड नांवाचें बेट आहे. तेथील इसॉ जेन्किन्स (१९१०-१९७२) हा नीग्रो शेतकरी व व्यापारी आपल्या लोकांस कामावर आणि मुलांस शाळेंत चार्ल्सटन शहरीं नेण्यासाठीं बस चालवी. त्या राज्यांत मतदार होण्यास राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. तेव्हां हा मनुष्य प्रवासांतच उतारूंस तो वाचावयास शिकवी. यांतूनच १९५७ सालीं सेप्टिमा क्लार्क, बर्निस रॉबिन्सन प्रभृतींच्या साहाय्यानें त्या बेटावर प्रौढांची नागरिकत्वाची शाळा निघाली, आणि तिच्या शाखा पुढें सबंध दक्षिणेंत पसरल्या. जेन्किन्स यांच्या उत्तरायुष्यांतील गाडी म्हणजे १९६६ सालची फोक्सवॅगन. तिच्या मागील बाजूस त्यांनीं शब्द रंगविले होते: प्रेम म्हणजे प्रगति, द्वेष महागांत पडतो.

ते वारल्यावर ही गाडी बेटाच्या खाऱ्या हवेंत वर्षानुवर्षें उघड्यावर उभी राहिली. तिचा तळ गेला, रंग उडाला, कडा गंजून जाळीदार झाल्या. बाजाराच्या दृष्टीनें तिचा जीर्णोद्धार म्हणजे नवा पत्रा, दुरंगी झळाळी, आणि अर्थातच मागचे ते शब्द खरवडून टाकणें, किंवा फार तर नव्या रंगानें सुबक अक्षरांत पुन्हां लिहिणें. तिच्या वारसांनीं व अभ्यासकांनीं तसें केलें नाहीं. मागचे रंगविलेले पत्रे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयांत ठेविले आहेत. उरलेली गाडी तिच्या गंजासकट राखून अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहींत दाखल करण्यांत आली. २०१९ सालीं ती राजधानींत लोकांस पाहण्यासाठीं कांचेच्या पेटींत ठेवली होती. गंज पुढें वाढूं नये एवढीच तिची डागडुजी झालेली होती, आणि जेथें पत्रा खाल्ला गेला होता तेथें भोंक तसेंच होतें.